घरातील वाइनच्या बाटल्या उन्हाळ्यात कुठे ठेवाव्यात?

ब-५०४: सर्वांना नमस्कार. गेल्या तीन-चार वर्षांत नाशिकच्या फेऱ्यांतून आणि लेकीने सुट्टीत येताना आणलेल्या भेटींतून आमच्याकडे वाइनच्या अठरा बाटल्या जमल्या आहेत. त्या स्वयंपाकघरातील माळ्यावर खोक्यांत उभ्या ठेवलेल्या होत्या. काल सहज पाहिले तेव्हा एका बाटलीचे बूच वर सरकलेले दिसले आणि मानेवरून चिकट ओघळ आलेला होता. पुण्याचा एप्रिल अजून संपायचा आहे आणि आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडे आहे. कोणाला या विषयाची माहिती असल्यास कृपया सांगावी.

क-१०२: ताई, सर्वप्रथम आजच सर्व बाटल्या माळ्यावरून खाली उतरवा. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. त्यात खाली शेगडी असते, त्यामुळे घरातील सर्वांत वाईट जागा म्हणजे स्वयंपाकघराचा माळा. तापल्यावर वाइन प्रसरण पावते आणि बुचाला बाहेर ढकलते. पुढे गारवा आला की ती आकुंचन पावते आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. हे रोज घडत राहिले की ताज्या फळाचा वास जाऊन मुरांब्यासारखी शिजलेली चव येते आणि ती पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी अशाच सहा बाटल्या गमावल्या. त्यांतली एक आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेली होती आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

दीर्घकाळ साठवणीसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस हे तापमान उत्तम मानले जाते. आपल्या घरांत ते यंत्राशिवाय मिळणार नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा. मात्र दिवसा ३४ आणि पहाटे २४ असे हेलकावे खाणाऱ्या जागेपेक्षा कायम २४-२५ वर राहणारी जागा कितीतरी बरी. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा निवडा. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आधी काढून टाका, कारण तो वास बुचातून आत शिरू शकतो. तीन-चारशे रुपयांत दिवसाचे कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा तापमापक मिळतो. तो आठवडाभर कप्प्यात ठेवून पाहिल्याशिवाय जागा पक्की करू नका.

अ-२०३: काका, बाटल्या आडव्याच ठेवायला हव्यात का? आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवल्या तर काय बिघडते?

क-१०२: बूच असलेली बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते, आक्रसत नाही आणि हवा आत जात नाही. नाशिकच्या अनेक बाटल्यांना आता फिरवून उघडायचे झाकण असते. त्या उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. फसफसणारी वाइनही उभी चालते, कारण तिच्या आतील दाब आणि ओलावा बुचाला पुरेसा असतो.

फ्रिजमधले तापमान ४-५ अंशांच्या आसपास असते आणि हवा कोरडी असते. महिना-दोन महिन्यांत संपवायची पांढरी वाइन तिथे खुशाल ठेवावी. वर्षानुवर्षे ठेवल्यास बूच सुकते. उघडलेली बाटली मात्र, लाल असली तरी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

ब-३०१: आम्ही वाइनसाठीचे छोटे शीतकपाट घेण्याच्या विचारात आहोत. दुकानात दोन प्रकार दाखवले आणि त्यांतला स्वस्त प्रकार अजिबात आवाज करत नाही.

क-१०२: तो बहुधा कॉम्प्रेसर नसलेला प्रकार असणार. अशी कपाटे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतात. खोलीत ३५ अंश असतील तर आत २० च्या खाली उतरणे कठीण, आणि गरज नेमकी त्याच दिवसांत असते. थोडा आवाज सोसून कॉम्प्रेसरचे घ्या, काचेचे दार सूर्यप्रकाशापासून दूर ठेवा आणि मागे हवा खेळायला जागा सोडा. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेल्या बाटल्यांचा गारवा काही तास टिकतो.

ताई, आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. अठराच्या अठरा बाटल्या साठवण्यासाठी नसतात. आपल्याकडच्या शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यॉं ब्लाँ या पांढऱ्या वाइन आणि गुलाबी वाइन ताज्या पिण्यासाठी केलेल्या असतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांचा उत्साह ओसरतो. नाशिकला द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि युरोपात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे लेबलवर एकच साल असले तरी आपली बाटली सहा-सात महिन्यांनी मोठी असते. ओकच्या पिंपात मुरवलेल्या दमदार लाल वाइन, उदाहरणार्थ अकलूजची सेत्ते किंवा नंदी डोंगरांजवळची ला रिझर्व्ह, काही वर्षे ठेवता येतात. जपायची ती अशी चार-पाच बाटल्यांची रांग. बाकीच्यांवर खरेदीची तारीख लिहून त्या पाहुण्यांसोबत उघडत राहा.

ड-४०२: आमच्याकडे पारदर्शक काचेच्या दोन बाटल्या दिवाणखान्यात शोभेसाठी मांडल्या आहेत. त्यांनाही धोका आहे का?

क-१०२: हो. पारदर्शक काच प्रकाश अडवत नाही आणि पांढऱ्या व फसफसणाऱ्या वाइनला तर प्रकाशाने ओल्या लोकरीसारखा उग्र वास येऊ शकतो. त्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा. वॉशिंग मशीनशेजारची जागाही टाळा, कारण हादऱ्यांनी जुन्या लाल वाइनमधला साका ढवळला जातो.

ब-५०४: काका, मनःपूर्वक आभार. सर्व बाटल्या लेकीच्या खोलीतील कपाटाच्या तळाशी हलवल्या आहेत. तापमापकाने काल दुपारी २९ आणि आज पहाटे २७ दाखवले. ओघळ आलेल्या बाटलीचे काय करावे?

क-१०२: ती आजच गार करून उघडा. चव टिकून असेल तर रात्रीच्या जेवणासोबत घ्या. गेली असेल तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घालून पाहा, पण व्हिनेगरचा वास येत असेल तर तेही करू नका. आणि २९ अंश अजून जास्तच आहेत, त्यामुळे ठेवणीतल्या चार-पाच बाटल्या जूनपर्यंत माझ्याकडे आणून द्या. माझ्या शीतकपाटात खालचा कप्पा रिकामा आहे.