टोयोटा ८६: दोनशेचे तीनशे हॉर्सपॉवर करावेत की इंजिनाला हातच लावू नये?

वळणवेडा

पहिल्या पिढीची टोयोटा ८६ (किंवा तिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड) घेतली की वर्षभरात बहुतेकांच्या डोक्यात टर्बो किटचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या जोडणीचा) विचार घोळायला लागतो. मूळचे २०० हॉर्सपॉवर, किट बसवलं की ३००. माझं मत आधीच सांगून टाकतो: करू नये. या इंजिनावर तर नाहीच.

कारण इंजिनाच्या पोटातच आहे. १९९८ सीसीचं हे बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडव्या सिलिंडरचं) इंजिन १२.५ कॉम्प्रेशनवर चालतं, म्हणजे पिस्टन टोकाला येईपर्यंत मिश्रण साडेबारा पट दाबलं गेलेलं असतं. बाहेरून हवा कोंबायची सोय नाही, म्हणून आहे त्या हवेतून शेवटचा थेंब पिळून काढण्यासाठी केलेली ही रचना. त्यावर अर्धा बार बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) चढवला की ढोबळ हिशेबाने दीडपट हवा आत जाते, तीही कॉम्प्रेसरमधून तापून. मग स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत कडेपर्यंत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपलं आपणच पेटतं. हेच नॉकिंग. सुरुवातीला बारीक टकटक ऐकू येते, नंतर दोन रिंगांच्या मधली पिस्टनची कडा तुटते. ते टाळायला ट्यूनर (इंजिनाची संगणकी सेटिंग करणारा) इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. त्यात कमावलेली ताकद थोडी परत जाते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो.

याच घराण्यातलं टर्बो इंजिन सुबारूने डब्ल्यूआरएक्स या गाडीसाठी केलं, तेव्हा कॉम्प्रेशन १०.६ वर आणलं. आणि २०२१ मध्ये ८६ ची दुसरी पिढी आली तेव्हा टोयोटा-सुबारूच्या लोकांनी टर्बो लावलाच नाही. सिलिंडरचा व्यास ८६ वरून ९४ मिमी केला, इंजिन २३८७ सीसीचं झालं, कॉम्प्रेशन १२.५ च ठेवलं. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २०५ वरून २५० न्यूटन मीटरवर गेला आणि त्याचं शिखर मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास होतं ते ३७०० वर आलं. ज्यांच्याकडे टर्बो तयार होता त्यांनीच हा मार्ग घेतला, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

विरोधी मतं हवीच आहेत. फक्त आकडे घेऊन या.

बूस्टप्रेमी

काडीमात्र सहमत नाही, आणि आकडे घेऊनच आलोय.

सगळे २०० विरुद्ध ३०० यावर भांडतात. हे दोन्ही आकडे सात हजार फेऱ्यांच्या आसपासचे. तिथे गाडी किती वेळ असते? या गाडीचं खरं दुखणं साडेतीन ते साडेचार हजारांच्या मध्ये आहे. तिथे टॉर्कच्या आलेखात खड्डा पडतो. पुढे जायला पाय दाबावा आणि इंजिनाने उत्तरच देऊ नये, हा अनुभव प्रत्येक मालकाला आहे.

हिशेब सोपा आहे. टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. ४००० फेऱ्यांना १८० न्यूटन मीटर धरले तर ७५ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १०० हॉर्सपॉवर. टर्बोने तिथेच ३०० न्यूटन मीटर दिले तर १२६ किलोवॅट, सुमारे १६८ हॉर्सपॉवर. शिखरावर दीडपट मिळतं, पण जिथे आपण रोज गाडी चालवतो त्या मधल्या पट्ट्यात पावणेदोनपटीच्या जवळ जातो. मला शिखर नकोच आहे, मला हा मधला पट्टा हवाय.

राहिला १२.५ कॉम्प्रेशनचा बागुलबुवा. या इंजिनात पोर्ट आणि डायरेक्ट अशी दोन्ही इंजेक्शनं आहेत. थेट सिलिंडरमध्ये फवारलेलं पेट्रोल बाष्प होताना आतली हवा थंड करतं, म्हणूनच एवढं कॉम्प्रेशन मुळात परवडलं. चांगलं ऑक्टेन, मोठा इंटरकूलर (टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा) आणि ०.४ ते ०.५ बारवर थांबण्याचा संयम, एवढं असेल तर हे इंजिन तगतं. जिथे ई८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) मिळतं तिथे तर नॉकिंगचा प्रश्न खूपच मागे पडतो. इंधन साधारण ३० टक्के जास्त लागतं, त्यामुळे इंजेक्टर आणि पंप मोठे घ्यावे लागतात, हे मान्य.

तेलकट हात

मी अशी इंजिनं उघडतो, तेव्हा थोडं आतलं सांगतो.

टर्बो लावलेली गाडी आली की मी आधी प्लग काढतो. चष्मा लावून, उजेडात धरून पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर बघायचं. तिथे मिरपुडीसारखे करडे, चमकणारे कण दिसले तर ते काजळीचे नव्हेत, पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. नॉकिंगने पिस्टनचा माथा खरवडला जातोय आणि ते कण येऊन चिकटलेत. मालकाला अजून काहीच जाणवलेलं नसतं. गाडी उलट मस्त पळत असते. बॉक्सर इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना, चॅसिसला खेटून असतात, काढायचा कंटाळा येतो, म्हणून कोणी बघत नाही.

दुसरं, कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा. या इंजिनाची कच्ची बाजू तीच. लोकांना वाटतं रॉड हॉर्सपॉवरने वाकतो. तो वाकतो सिलिंडरमधल्या दाबाने, म्हणजे टॉर्कने. तोच ३०० चा टॉर्क २८०० फेऱ्यांना आणला तर रॉडचा जीव जातो, कारण पिस्टन सावकाश चालत असताना दाब जास्त वेळ अंगावर राहतो. ४५०० नंतर हळूहळू चढवला तर तोच रॉड पुष्कळ दिवस काढतो. वर जास्त फेरे घेणं हा वेगळा त्रास, तिथे रॉड ओढला जातो आणि ती ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. ७४०० ऐवजी ८००० घेतले तर सुमारे १७ टक्के जास्त.

म्हणजे किट कुठलं हा प्रश्न नंतरचा. बूस्ट कुठल्या फेऱ्यांना, किती वेगाने चढतो हा आधीचा.

बूस्टप्रेमी

दादा, पूर्ण सहमत. पण मग दोष टर्बोचा नाही, घाईने केलेल्या ट्यूनचा आहे. छोटा टर्बो लावून २८०० ला धक्का द्यायचा मोह आवरला की झालं.

तेलकट हात

आवरला तर झालं. पण मग तुमचा ४००० फेऱ्यांचा ३०० न्यूटन मीटर कुठून आणणार? मधला पट्टा भरायचा म्हणता, आणि रॉड वाचवायला तोच पट्टा रिकामा ठेवावा लागतो. ३०० चाकांवर मोजलेले की क्रँकवर, हेही लोक सांगत नाहीत. गिअरबॉक्स, डिफरेन्शियलमध्ये साधारण १५ टक्के जातात. चाकांवर ३०० म्हणजे क्रँकवर ३५० च्या आसपास. तिथे मूळ रॉडवर मी तरी भरवसा ठेवत नाही. फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) रॉड, पिस्टन घालायचे तर इंजिन उतरवणं आलं, आणि तेव्हा कॉम्प्रेशनही कमी करून घ्यावं.

ट्रॅकवाली

सगळे इंजिन जगेल का यावर बोलताय. ट्रॅकवर इंजिन मरण्याआधी बाकीच्या गाडीचा दम निघतो.

पेट्रोल जाळून निघालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश क्रँकपर्यंत पोचते. उरलेली एक्झॉस्टमधून आणि कूलंटमधून बाहेर पडते. १०० हॉर्सपॉवर वाढवले म्हणजे ७५ किलोवॅट काम वाढलं, आणि ढोबळमानाने तेवढीच जास्त उष्णता रेडिएटरच्या गळ्यात पडली. शिवाय त्याच्यासमोर आता इंटरकूलर उभा, म्हणजे त्याला मिळणारी हवा आधीच गरम. मूळ गाडीतसुद्धा भरधाव फेऱ्यांमध्ये तेल १२० अंशांच्या वर जातं. ऑइल कूलर नसेल तर टर्बोचा विषयच काढू नये.

आता ब्रेक. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी आधी १६० ने पोचत होतात, आता १७५ ने पोचता. वेग ९ टक्के वाढला, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा किमान २० टक्के. प्रत्येक फेरीत. मूळ पॅड आणि जुनं ब्रेक फ्लुइड असेल तर काही फेऱ्यांत पेडल स्पंजसारखं होतं.

पोर्शने १९७८ मध्ये ९११ टर्बोचं इंजिन ३.० वरून ३.३ लिटर केलं, २६० चे ३०० झाले. त्याच वेळी इंटरकूलर दिला आणि ९१७ या रेस कारवरून घेतलेले ब्रेक बसवले. चाळीस घोडे वाढवताना कारखान्याने एवढं केलं. आपण शंभर वाढवतो आणि ब्रेक 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, याचा मला खरोखर राग येतो. त्या गाडीच्या पुढेमागे आम्हीही असतो.

सरळरेषा

मी ट्रॅकवर जात नाही, जायचंही नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाठ सीटला चिकटली पाहिजे, एवढीच इच्छा. त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. आणि टोयोटा सुप्राच्या २जेझेड इंजिनावर लोक दुप्पट-तिप्पट ताकद काढतात ना? तिथे कोणी बागुलबुवा दाखवत नाही.

वळणवेडा

कमीपणा अजिबात नाही. पण २जेझेडचं उदाहरण इथे लागू पडत नाही. टर्बोवाल्या २जेझेडचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तीन लिटर, सहा सिलिंडर, कॉम्प्रेशन ८.५. शिवाय त्या काळात जपानी कंपन्यांमध्ये २८० पीएसच्या (जवळपास हॉर्सपॉवरच) वर आकडा जाहीर करायचा नाही असा अलिखित समझोता होता, तो २००४ पर्यंत चालला. तेच इंजिन निर्यातीच्या गाड्यांत ३२० हॉर्सपॉवरचं होतं. म्हणजे राखीव ताकद कारखान्यातूनच ठेवलेली होती. आपल्या इंजिनात लिटरमागे १०० हॉर्सपॉवर टर्बोशिवाय आधीच काढून घेतलेत. शिल्लक ठेवलेलंच नाही, तर काढणार कुठून?

आणि टॉप स्पीडसाठी कोणी करत असेल तर तेही सांगतो. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के वाढवायला ३३ टक्के जास्त ताकद.

सरळरेषा

टॉप स्पीड नकोच. पण मग त्या खड्ड्याचं काय करायचं? तो खोटा आहे असं तर तुम्हीही म्हणत नाही.

वळणवेडा

खोटा नाही, मलाही छळतो. तो भरायला टर्बोच लागतो हे मात्र मान्य नाही. नीट डिझाइन केलेला एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि त्याला जुळणारा रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची नवी सेटिंग) केला की खड्डा बराच उथळ होतो. शिखरावर थोडीच वाढ मिळते, पण इंजिनावर दाबाचा बोजा पडत नाही. हेडर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि मागच्या गाडीतल्या माणसाच्या नाकात आपला धूर जाऊ नये एवढं तरी आपण पाळावं.

त्याच्या जोडीला फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं, चाकांआधीचं शेवटचं दातेरी गुणोत्तर) बदला. पहिल्या मॅन्युअल गाड्यांत तो ४.१ होता. २०१७ मध्ये टोयोटाने स्वतःच ४.३ केला. त्याने प्रत्येक गिअरमध्ये चाकांवर सुमारे ५ टक्के जास्त टॉर्क मिळतो, कुठल्याही फेऱ्यांना. इंजिनाला हात न लावता. सरळरेषा, तुम्हाला हवा असलेला धक्का यात पूर्ण मिळणार नाही, पण तिसरा गिअर आत्तापेक्षा नक्की जिवंत वाटेल.

हिशेबी

एक रुक्ष मुद्दा. विमा कंपनीला न कळवता टर्बो लावला आणि अपघात झाला तर दावा फेटाळायला त्यांच्या हातात आयतं कारण मिळतं. वॉरंटीही अशा वेळी अडचणीत येते. आणि किट, क्लच, ऑइल कूलर, ब्रेक, टायर, रॉड असं सगळं धरलं तर दुसऱ्या पिढीची गाडी घेणं जास्त शहाणपणाचं ठरतं का, हे कागदावर मांडून बघा. बहुतेक जण फक्त किटची किंमत धरतात.

ट्रॅकवाली

हिशेबी यांना अनुमोदन. जाता जाता टायरबद्दल: ही गाडी मुद्दाम कमी पकडीच्या, २१५ मिमी रुंद टायरवर विकली गेली. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना कमी वेगातसुद्धा मागचं टोक खेळतं हवं होतं. त्या टायरवर ३०० हॉर्सपॉवर म्हणजे ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चाकं नुसती फिरतात. चांगले टायर लावले की पकड वाढते, आणि मग तो सगळा टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. साखळी कुठे संपते ते आधी ठरवा.

बूस्टप्रेमी

सगळं वाचलं. तरीही मी बसवणार आहे. फोर्ज्ड इंजिन नाही, ३०० चाही हट्ट नाही. ०.४ बार, बूस्ट ४००० नंतर हळूहळू चढणारा, क्रँकवर अडीचशेच्या आसपास थांबायचं. ऑइल कूलर आणि ब्रेक फ्लुइड आधी, किट नंतर. हेडर आणि रीमॅप लावलेली गाडी मी चालवून पाहिली आहे. बरी वाटली, पण टर्बो चढत जातानाचा तो जोर त्यात नाही, आणि मला हवा आहे तो नेमका तोच. ही आवडीची गोष्ट आहे, ती आलेखावर सिद्ध करता येत नाही.

तेलकट हात दादा, किट मागवण्याआधी काय तपासून घेऊ?

तेलकट हात

अडीचशे म्हणत असाल तर मी विरोध करणार नाही.

इंजिन गरम असताना चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट आणि मग लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची). आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का ते बघा. एकाची गळती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली तर हवा कुठून येतेय ते ऐका. ऑइल फिलरमधून आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं काही निघालं तर आधी ते दुरुस्त करा, बूस्टचं नाव तोपर्यंत काढू नका. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या. बसवल्यावर पहिल्या टाकीभर पेट्रोलनंतर चारही प्लग काढून माझ्याकडे घेऊन या, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लिहून.