दिवसभर कमरेला न काचणारे होल्स्टर: सल्ला हवा

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळून चार महिने झाले. प्रशिक्षण रीतसर घेतले, कुठे बाळगता येते आणि कुठे नाही याचे नियमही नीट वाचून काढले. आता गाडी अडली आहे ती होल्स्टरपाशी, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायच्या म्यानापाशी.

माझ्याकडे ग्लॉक १९ पिस्तूल आहे. ते पँटच्या आत, उजव्या कमरेच्या जरा मागे लावतो. दिवसातले सात-आठ तास खुर्चीत जातात, दीडेक तास गाडी चालवण्यात.

आतापर्यंत दोन होल्स्टर झाली. पहिले नायलॉनचे, मऊ, ‘कुठल्याही पिस्तुलाला बसेल’ असे सांगून विकलेले. पहिले दोन दिवस कमरेला काही आहे हेच जाणवले नाही. आठवड्याभरात ते पट्ट्यावरून घसरायला लागले आणि पिस्तूल काढले की त्याचे तोंड मिटते, म्हणजे परत ठेवायला दुसरा हात लावावा लागतो. दुसरे कायडेक्सचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे. त्यात पिस्तूल टक्कन बसते, पण दुपार झाली की स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची, मागची कड बरगडीखाली रुतते. संध्याकाळी पट्टा सोडला की कमरेवर बोटभर रुंद लाल वळ. वर, खाली पडलेले काही उचलायला वाकलो की मूठ शर्टातून उठून दिसते.

पट्टा रोजचाच, एकेरी चामड्याचा.

मागे चामड्याचा मोठा पत्रा आणि पुढे कायडेक्सचे कवच अशी मिश्र होल्स्टर मिळतात, ती घ्यावीत का? की जागाच बदलू? रोज बाळगणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. दोनदा चुकलो आहे, तिसऱ्यांदा चुकायचे नाही.

जुना_नेमबाज

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. पट्टा एकेरी चामड्याचा. तिसरे होल्स्टर घेण्याआधी पट्टा बदला.

भरलेले ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅम भरते. हे वजन होल्स्टर पेलत नाही, पट्टा पेलतो. मऊ पट्टा क्लिपपाशी पिळतो, होल्स्टरचा वरचा भाग शरीरापासून बाहेर कलतो, मूठ शर्ट ढकलते. मग आपण पट्टा एक भोक आणखी आवळतो आणि तिथून काचणे सुरू होते. तुमचा वळ बहुतेक त्या आवळण्याचा आहे. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा किंवा आत कडक पट्टी घातलेला नायलॉनचा पट्टा घ्या. दोन्ही हातांत आडवा धरून पिळून पाहा. सहज पिळला गेला तर तो कामाचा नाही. होल्स्टरची क्लिपही त्याच रुंदीची हवी. क्लिप पावणेदोन इंचाची आणि पट्टा सव्वा इंचाचा असला की दर पावलाला होल्स्टर वरखाली होते. आणि पँट कमरेला एक-दोन इंच सैल. आधीच्या मापात तेवढी जागाच नसते.

आता उंची आणि कल. बऱ्याच कायडेक्स होल्स्टरना क्लिप वरखाली सरकवायला दोन-तीन भोके असतात. बसल्यावर बरगडीला लागते म्हणजे पिस्तूल वर आहे, एक भोक खाली घ्या. पण इतके खाली नको की मूठ धरताना मधले बोट पट्ट्याला अडेल. पहिल्या झटक्यात पूर्ण पकड आलीच पाहिजे. कमरेमागे लावत असाल तर मूठ पुढे झुकेल असा सुमारे १५ अंशांचा कल ठेवा. मूठ बरगडीच्या उताराला समांतर होते आणि वाकल्यावर मागे उचकटून दिसत नाही. लपवायला नळी कधीच अवघड नसते, ती पँटच्या आत जाते. अवघड असते ती मूठ.

जागा ठरवताना घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बेंबी म्हणजे १२, उजवी कंबर ३, पाठीचा कणा ६. तुम्ही चारच्या आसपास लावता. साडेतीनवर आणून पाहा, खुर्चीची पाठ लागणार नाही. सहावर मात्र कधीही लावू नका. पाठीवर पडलात तर ते लोखंड थेट मणक्यावर येते, आणि परत ठेवताना काय चालले आहे ते दिसतही नाही.

नायलॉनचे ते मऊ होल्स्टर कपाटातही ठेवू नका, फेकून द्या. ग्लॉकला बाहेरून लावायचा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. ट्रिगर दाबला गेला की गोळी सुटते, मग दाबणारे बोट असो वा कापड. मऊ होल्स्टरमधून ट्रिगर बाहेरूनही दाबता येतो. पिस्तूल रिकामे करा, दोनदा तपासा, होल्स्टरमध्ये घाला आणि बाहेरून अंगठ्याने ट्रिगरच्या जागी दाबून पाहा. ट्रिगर जराही हलला तर ते होल्स्टर नव्हे, पिशवी आहे.

चामडीवाला

बाकी सगळे पटले, फक्त एक जोड. चामड्याला कोणी मोडीत काढू नये. मी १२ वर्षे चामड्याचेच वापरतो. पिस्तुलाच्या आकारावर ओले करून घडवलेले चांगले चामडे दोन-तीन आठवड्यांत कमरेचा आकार घेते, आवाज करत नाही आणि अंगाला गार-गरम लागत नाही. पण त्याच्या तोंडाशी धातूची किंवा दुहेरी चामड्याची कडक पट्टी हवी, म्हणजे पिस्तूल काढल्यावर तोंड उघडे राहते. आणि मऊ पडायला लागले की निवृत्त करायचे, जीव लावून बसायचे नाही.

हे अनुभवाने सांगतो. माझे पहिले होल्स्टर सहा वर्षे वापरले होते. एके संध्याकाळी पिस्तूल परत ठेवताना अर्ध्यावर काहीतरी अडले. मी थांबलो, पिस्तूल बाहेर काढले आणि खाली पाहिले. तोंडाची कड घामाने पिठासारखी मऊ होऊन आत दुमडली होती आणि त्या घडीचे टोक बरोबर ट्रिगर गार्डात, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरत होते. त्या दिवशी दाबून बसवले असते तर गोळी मांडीत असती. तेव्हापासून दर महिन्याला कडेवरून बोट फिरवतो.

मिश्र होल्स्टरचा मागचा पत्राही याच कारणाने तपासा. तो मोठा असतो, वजन पसरवतो, बसायला सुख देतो हे खरे. पण जुना झाला की त्याचा वरचा कोपरा आत वळतो.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. अंगठ्याची परीक्षा लगेच केली. नायलॉनच्या होल्स्टरमध्ये ट्रिगर सरळ मागे गेला, रिकाम्या पिस्तुलाचा टक आवाज कानांनी ऐकला. चार आठवडे मी ते भरून हिंडत होतो. कात्रीने कापून टाकले.

पुढचा प्रश्न: बरेच जण समोर, बेंबीच्या उजवीकडे, एक वाजताच्या जागी लावतात. बसायला ते आणखी वाईट नाही का? माझे पोट अगदीच सपाट नाही.

एकवाजता

मी पाच वर्षे तिथेच लावतो, पोट माझेही आहे. समोर लावल्यावर पिस्तूल सतत नजरेच्या आणि दोन्ही हातांच्या टप्प्यात राहते, गर्दीत मागून कोणाचा धक्का लागत नाही.

बसताना रुतते ते खालचे टोक, आणि त्यावर उपाय आहे. होल्स्टरच्या आतल्या बाजूला, नळीच्या टोकाशी, फोमची पाचर चिकटवतात. खालचे टोक अंगापासून थोडे बाहेर येते, वरचा भाग आत कलतो, मूठ पोटाला टेकते. पट्ट्यामागे दाबला जाणारा एक छोटा पंखही मिळतो, तो मुठीला आत फिरवतो. या दोन गोष्टींनी माझा सैल शर्ट साध्या टी-शर्टवर आला.

ऐकून उलटे वाटेल, पण समोर लावायला आखूड होल्स्टरपेक्षा थोडे लांब होल्स्टर सुखाचे. आखूड होल्स्टरमध्ये मुठीचे वजन पट्ट्याच्या वर जाते आणि पोट त्याला बाहेर लोटते. लांब असले की पट्ट्याखालचा भाग तोल धरतो. पट्ट्याचे बकल डावीकडे सरकवा, नाहीतर बकल आणि होल्स्टर एकावर एक येतात.

एक अट मात्र पाळा. या जागी नळी मांडीकडे आणि जांघेकडे रोखलेली असते. परत ठेवताना घाई चालणार नाही. शर्ट डाव्या हाताने छातीपर्यंत वर, कंबर पुढे, मान खाली, डोळ्यांनी होल्स्टरचे तोंड पाहायचे, बोट स्लाइडवर सरळ, मग सावकाश. शिकताना मी पूर्ण होल्स्टरच काढून टेबलावर पिस्तूल घालायचो आणि दोन्ही एकदम कमरेला लावायचो. आजही घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरसकट काढतो आणि तसेच तिजोरीत कुलपात ठेवतो. जितकी हाताळणी कमी तितके बरे.

रानवारा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एवढेच लिहिते. पट्टा घट्ट बांधून कमरेला वजन लावणाऱ्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येणे, बधिरपणा, चटका बसल्यासारखे वाटणे असे होऊ शकते. मांडीच्या त्वचेला संवेदना देणारी एक नस कमरेच्या पुढच्या हाडाजवळून, जांघेतल्या अस्थिबंधाखालून जाते. तिथे ती दाबली गेली की हा त्रास होतो. घट्ट पट्टे, घट्ट पँट आणि वाढलेले पोट ही त्याची नेहमीची कारणे.

लाल वळ तासाभरात मावळत असेल तर काळजी नको. पण मांडी बधिर वाटली तर ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. होल्स्टर हाडाच्या टोकावरून अलीकडे किंवा पलीकडे सरकवा, पट्टा सैल करा, आणि तरी राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

ओंजळ

बायकांच्या बाजूनेही लिहायला हवे, कारण वरचे बहुतेक सल्ले सरळ कमरेला धरून आहेत. कंबर बारीक आणि नितंब रुंद असले की तीन-चार वाजताच्या जागी होल्स्टरचे खालचे टोक बाहेर ढकलले जाते आणि मूठ बरगडीत घुसते. कितीही महागडे घ्या, तेच होते. मला शेवटी एक वाजताची जागाच मानवली. त्यातही पँटची कंबर किती उंच आहे यावर सगळे अवलंबून असते.

ज्या कपड्यांना पट्टा लागत नाही त्यांच्यासाठी पोटाला गुंडाळायचा रुंद इलास्टिकचा पट्टा येतो. तो वापरते, पण ट्रिगर झाकणारे कडक कवच आत बसवलेलाच. नुसत्या इलास्टिकच्या कप्प्यात ट्रिगर उघडाच राहतो.

आणि पर्समध्ये ठेवू नका, असे मी हात जोडून सांगते. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला अडकवली जाते, हिसकावली जाते, मुलांच्या हाती लागते. मी सुरुवातीला तसे करत होते. एकदा भाचीने खाऊसाठी पर्सची चेन उघडली. कप्पा वेगळा होता, काही झाले नाही. त्या रात्रीपासून पिस्तूल फक्त अंगावर, नाहीतर कुलपात.

तिरकस_रेघ

वर कोणी लिहिले नाही म्हणून: स्क्रू. कायडेक्सची पकड ट्रिगर गार्डाजवळच्या स्क्रूने कमीजास्त होते आणि चालण्याच्या हादऱ्यांनी ते स्क्रू हळूहळू सैल होतात. पकड मनासारखी झाली की आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. लाल नको, तो नंतर सहज सुटत नाही. पकड तपासायची तर रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून गादीवर उपडे धरा आणि झटके द्या. पडायला नको.

पाऊलवाट

सहा आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण अशा धाग्यांत शेवटी काय झाले ते कोणी सांगत नाही.

आधी फक्त पट्टा बदलला, होल्स्टर तेच कायडेक्सचे. दीड इंची, आत कडक पट्टी असलेला. पहिल्याच दिवशी पट्टा आधीपेक्षा एक भोक सैल ठेवूनही पिस्तूल जागचे हलले नाही. मग क्लिप एक भोक खाली, कल १५ अंश. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करून तीन दिवस चारवर, तीन दिवस साडेतीनवर असे लावून पाहिले. साडेतीनवर खुर्चीचा त्रास गेला. बरगडीचे रुतणेही थांबले. होल्स्टरची पाठ स्लाइडच्या कडेपर्यंत उंच नाही, म्हणून आतून बनियन घालतो.

समोरची जागाही प्रामाणिकपणे आठ दिवस करून पाहिली. पाचर लावल्यावर बसायला ठीक होते, लपतही छान होते. पण गाडीत सीटबेल्टचा पोटावरचा पट्टा मुठीवर येतो आणि दर वेळी हात तिकडे जातो. हात जाणे म्हणजे स्वतःच दाखवून देणे. म्हणून साडेतीनवरच राहिलो. मांडीला काही त्रास नाही, रानवारा ताई.

आता एकच उरले आहे. पिस्तुलावर टॉर्च लावायचा विचार आहे. याच होल्स्टरमध्ये बसणार नाही हे कळते, पण नवीन घेताना काय पाहू?

जुना_नेमबाज

सहा आठवडे नेटाने करून पाहिलेत, आनंद वाटला.

टॉर्चसाठीचे होल्स्टर टॉर्चच्या आकारावर घडवलेले असते आणि टॉर्च पिस्तुलापेक्षा रुंद. तो आत जायला तोंड मोठे ठेवावे लागते, त्यामुळे ट्रिगर गार्डाच्या बाजूला फट उरते. काहींत करंगळी आत जाते. करंगळी जाते तिथे जॅकेटची दोरी, शर्टाचे टोकही जाते. म्हणून पिस्तूल आणि तोच टॉर्च यांसाठी घडवलेले घ्या, रिकामे पिस्तूल आत घालून वरून ती फट पाहा, पेन्सिल ट्रिगरपर्यंत पोहोचते का ते बघा. पोहोचली तर ते घेऊ नका.

माझ्या विंडचीटरच्या दोऱ्या मी कधीच कापून टाकल्या आहेत. एकदा त्यातली गाठ होल्स्टरच्या तोंडाशी सापडली होती.