शुगरच्या पेशंटला व्हिडिओ पाठवून भागतं का?

कातळावरची:
काल इथे एकाने लिहिलं, "पेशंटला दवाखान्यात बोलावून तासभर व्याख्यान कशाला, वॉट्सॲपवर 3 मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, ज्याला बरं व्हायचंय तो बघेल." ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. आई देवगडजवळच्या वाडीत राहते, 11 वर्षं इन्सुलिनवर. मीच मुंबईहून व्हिडिओ पाठवले. "माका काय्येक समाजला नाय" म्हणाली आणि फोन उशाशी ठेवून दिला. शुगर कधी 300, कधी 60. सगळे तिलाच बोलायचे, मीपण बोलले, की तू चोरून गोड खातेस. मग गेल्या वर्षी एका नर्सने तिला आडवं करून पोट चाचपलं तर बेंबीच्या बाजूला लिंबाएवढी गाठ. वर्षानुवर्षं त्याच जागी सुई, कारण तिथे दुखत नाही! गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी कधी एकदम. नर्सने आईचंच बोट धरून गाठ तिला दाखवली, जागा बदलायला शिकवलं, डोसही डॉक्टरांना विचारून कमी करून घेतला. व्हिडिओला आईचं पोट दिसत नाही हो.

खाडीपल्याड:
वाक्य माझं. मी ट्रॉलरवर असतो, आठ-आठ दिवस समुद्रात. दवाखान्यातलं शुगरचं शिबिर बुधवारी सकाळी 11 ला, म्हणजे माझा खाडा. एकदा गेलो तर सगळ्यांसमोर माझी शुगर मोठ्याने वाचली आणि "दारू पिता का" विचारलं. परत पाय ठेवला नाही. व्हिडिओ मी आधीच उतरवून घेतो, रात्री थांबवून थांबवून बघतो. शुगर 70 च्या खाली गेली की 3 चमचे साखर, 15 मिनिटांनी परत तपासायचं, हे मला त्यातनंच कळलं आणि भर समुद्रात हातपाय कापायला लागले तेव्हा तेच कामी आलं. तुमच्या आईला जमलं नाही म्हणून मला नको?

चुलीवरची पेज:
व्हिडिओ असो नाहीतर शिबिर, आत सांगतात काय ते बघा आधी. बाबांना छापील कागद दिला, ओट्स, पनीर, दोन चपात्या, "भात बंद". जन्मभर सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी भात-बांगड्याचं कालवण खाल्लेला माणूस, आठ दिवस कसाबसा राहिला, नवव्या दिवशी रात्री उठून टोपातला सगळा भात संपवला. उकड्याने काही होत नाही, आमची आजी नव्वदीपर्यंत त्यावरच जगली.

लाल डबा:
हे पसरवू नका प्लीज. उकड्याने शुगर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा जरा हळू चढते इतकंच. भात तो भातच. माझा काका हेच ऐकून तीन वाट्या पेज प्यायचा, आता पायाचं बोट गेलंय.

चुलीवरची पेज:
तुमच्या काकांचं वाईट वाटलं, पण मी तीन वाट्या प्या म्हटलं का? वाटी समोर ठेवून "एवढाच भात, बाकी भाजी आणि मासा" असं कुणी सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं. "बंद" म्हटलं की माणूस चोरून खातो.

लाल डबा:
वाटीचं बरोबर आहे. आजीचं नाही.

हापूसवाला:
आणि आंब्याचं काय? मे महिन्यात सगळे हाच प्रश्न विचारतात आणि डॉक्टर ओरडतात.

लाल डबा:
जेवणावर आमरस नको. चार फोडी खाल्ल्या तर तेवढा भात कमी करा आणि दोन तासांनी मशीन लावून स्वतःच बघा. इथे भांडून कळणार नाही.

कातळावरची:
आंबा पुरे. खाडीपल्याड, चारचौघांत शुगर वाचणं चूकच, ते ऐकून मलाही राग आला. व्हिडिओ तुम्हाला उपयोगी, मान्य. पण "ज्याला बरं व्हायचंय तो बघेल" हे मागे घ्या. माझ्या आईलाही बरं व्हायचं होतं.

खाडीपल्याड:
घेतलं मागे. पण शिबिराचा वार बदला म्हणून तुम्हीपण बोला, बोटवाल्यांना कुणी विचारत नाही. आणि एक विचारतो, ती गाठ हाताला कशी लागते? मीपण इन्सुलिनचं पेन कायम उजव्या बाजूलाच टोचतो.

कातळावरची:
त्वचेखाली जरा टणक, रबरासारखी. दिसेलच असं नाही, बोटं दाबून फिरवावी लागतात. लागली तर तिथे टोचणं बंद करायचंय, पण जागा बदलण्याआधी डॉक्टरांना डोस विचारून घ्या, आधीचाच डोस चांगल्या जागी घेतलात तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. बंदरात कधी येताय?

खाडीपल्याड:
शनिवारी. आत्ता बघितलं दाबून. आहे.