सायरन ऐकला की सिग्नल तोडायचा? कृपया नको!

गिअरबदलू: सकाळपासून जो तो एकच पोस्ट फॉरवर्ड करतोय, "मागे ॲम्ब्युलन्स दिसली की लाल दिवा बघू नका, सरळ निघा, कोणाचा तरी जीव वाचेल." डोकं फिरलं वाचून. अरे, तुम्हाला लाल म्हणजे आडव्या रस्त्याला हिरवा, आणि तिकडून येणाऱ्याच्या काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, सायरन कुठून येतोय त्याला पत्ता नाही. तुम्ही घुसलात, धडकलात, की ॲम्ब्युलन्स काय उडून जाणार? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे त्यांच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट आहे, वाट द्या पण सिग्नल पाळून. इंडिकेटर द्या, जमेल तेवढं कडेला सरका, थांबा. वळणावर नाहीतर चढाच्या टोकाला करकचून ब्रेक मारू नका, जरा पुढे जाऊन थांबलात तरी चालतं.

रांगेतला: वाचायला छान. दोन्हीकडे गाड्या, सरकू कुठे, डोक्यावर? बाबांना नेत होतो तेव्हा पुढचा महाभाग आरशात बघत बसला पण लाल दिवा संपेपर्यंत हलला नाही, आडवं चिटपाखरू नव्हतं. त्याला सांगा तुमचा हायवे कोड.

गिअरबदलू: बाबा बरे आहेत ना आता? पण जागा आधी ठेवली तरच सरकता येतं ना. बंपरला बंपर चिकटवला की चाक वळवायलाही जागा उरत नाही. जर्मनीत हायवेवर गाड्या तुंबायला लागल्या की सायरनची वाट न बघता सगळ्यात डावी रांग डावीकडे, बाकी सगळ्या उजवीकडे, मधे वाट मोकळी. ऑस्ट्रियात २०१२ पासून तेच.

टोमणेबहाद्दर: आलंच जर्मनी! त्यापेक्षा हे सांगा, रिकाम्या ॲम्ब्युलन्स सायरन लावून का पळतात? स्वतः बघितलंय, मागे कोणी नाही आणि आपण येड्यासारखे कडेला.

स्ट्रेचरवाला: हेच काम करतो म्हणून बोलतो. रिकामी गाडी पेशंटकडे निघालेली असते साहेब! आत कोणी नाही कारण तो अजून घरात जमिनीवर पडलाय. हृदय बंद पडलं आणि सीपीआर (छाती दाबत राहणं), विजेचा शॉक काहीच मिळालं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते.

टोमणेबहाद्दर: सगळ्याच पेशंटकडे निघालेल्या? सगळ्या??

स्ट्रेचरवाला: नसतील. असतात काही आगाऊ, नंबर घ्या, तक्रार करा. पण वाट द्यायची की नाही हे काचेतून डोकावून ठरवणार का तुम्ही?

रांगेतला: आणि ते ॲम्ब्युलन्सच्या शेपटीला चिकटून सुसाट निघणारे? त्यांचं लायसन्सच काढून घ्यायला पाहिजे.

स्ट्रेचरवाला: त्यांच्यामुळे आम्हाला ब्रेक मारायचीसुद्धा भीती. आणि एक गेली की लगेच बाहेर येऊ नका रे, मागून दुसरी असते, फायरची पण असते. मूळ मुद्द्यावर म्हणाल तर सिग्नल तोडणारा नको आणि घाबरून मधेच गोठणारा तर त्याहून नको. तुम्ही काय करणार ते आम्हाला लांबून कळलं पाहिजे, बास. चौकातून गाडी आम्ही काढतो.

रांगेतला: बरं बाबा, नाही तोडत, उभाच राहतो पुतळ्यासारखा. पण पोलीसच हात करत असेल तर?

गिअरबदलू: तर जा की! त्याचा हात सिग्नलच्या वर. त्या पोस्टमध्ये पोलीस कुठे होता?

टोमणेबहाद्दर: ते रिकाम्या गाडीचं राहिलंच पण.

स्ट्रेचरवाला: ब्लॉक करतोय तुम्हाला.