नवीकोरी गाडी लोक लगेच का विकतात?

पुणेरी_चाक: सेकंडहँड डिझेल एसयूव्ही बघतोय, आठ महिन्यांची, ९ हजार किमी, सीटचं प्लास्टिकपण निघालेलं नाही. मालक म्हणतो पार्किंगचा प्रॉब्लेम. एवढ्यासाठी कोण विकतं राव? काहीतरी काळंबेरं असणार ना?

घाटवाला: असेलच असं नाही. ईएमआय झेपत नाही, बदली होते, डीलरच्या डेमो गाड्यापण अशाच येतात. पण डिझेल म्हणताय तर डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) विचारा, बीएस६ डिझेल रोज ट्रॅफिकमध्ये रांगत चालवली की फिल्टरमध्ये काजळी साचते, दिवा लागतो, सर्व्हिसवाले म्हणतात काजळी जळायला हायवेला पळवून आणा, आणि ऑफिस ४ किमीवर असलेला माणूस वैतागून गाडी काढून टाकतो.

नट_बोल्ट: इन्शुरन्सची क्लेम हिस्ट्री काढाच. बॉनेट उघडून फेंडरचे (पुढच्या चाकावरचा पत्रा) बोल्ट बघा, रंग खरवडलेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे फेंडर खोललाय, गाडी ठोकलेली असू शकते. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी नि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका.

पुणेरी_चाक: बघितलं. डावीकडचे दोन बोल्ट खरवडलेत. मालक म्हणतो हॉर्न बदलला होता.

नट_बोल्ट: हॉर्नसाठी फेंडर खोलला? दुसरी गाडी बघा भाऊ.