दरड पडल्यावर मिळणारा रस्तेदुरुस्तीचा पैसा: आधी रस्ता चालू करायचा का एकदाच पक्का करायचा?

घाटमाथा: माझं मत आधीच सांगतो, आपत्ती निधीतून होणारी घाटातली दुरुस्ती म्हणजे फाटक्या गोधडीला ठिगळ. जुलै २०२१ आठवा, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडला आणि पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरचा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. केंद्रीय रस्तेमंत्री गडकरींनी तेव्हा कोकणातल्या रस्त्यांना १०० कोटी जाहीर केले, त्यातले ५२ तात्पुरत्या दुरुस्तीला आणि ४८ कायमच्या. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा पहिल्या दिवसापासूनच तात्पुरता! तोच पैसा सहा महिने थांबून संरक्षक भिंती आणि मोऱ्यांना (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटांना) घातला असता तर?

पोलादपूरकर: सहा महिने थांबा म्हणणारे बहुतेक पुण्यात बसून लिहितात, राग मानू नका. घाट बंद होता तेव्हा आमच्या वाडीतली पोरं तुटलेल्या जागी खाली उतरून पलीकडे चढायची, खांद्यावर सिलेंडर, एकाच्या डोक्यावर रेशनच्या तांदळाचं पोतं. शेजारचा वरंधा घाटही बंद, म्हणजे गाडीने जायचं तर कुंभार्ली नाहीतर ताम्हिणी घाटाचा वळसा. मुरूम टाका, दगड टाका, काहीही टाका पण एसटी सुरू करा, एवढंच म्हणत होतो आम्ही.

साईटवरचा: ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो म्हणून बोलतो. दोघंही पैशाबद्दल बोलताय पण तो कशाला वापरायचा हे कोणी वाचलेलंच नाही. राज्य आपत्ती निधीत केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५, आणि २०१५-२० च्या निकषात त्यातून फक्त तातडीची कामं, म्हणजे भगदाड बुजवणं, मोरी दुरुस्त करणं, वळण रस्ता काढणं, खडी-मुरूम टाकून वाहतूक सुरू करणं. त्याच निकषात राज्यमार्गाला किलोमीटरला १ लाख होते आणि गावच्या रस्त्याला ६० हजार. लाखात घाटातली संरक्षक भिंत सोडा, तिच्या पायाची खोदाई पण होत नाही.

घाटमाथा: मग माझंच खरं झालं ना! निकषच असे की तेच काम परत परत निघणार.

साईटवरचा: अर्धं खरं. भिंतीसाठी वेगळं अंदाजपत्रक, वेगळी मंजुरी, वेगळं टेंडर, ते येईपर्यंत दुसरा पावसाळा येतो. पण तातडीच्या कामातसुद्धा एक गोष्ट करता येते ती कोणी करत नाही. दरड उपसताना जेसीबीवाला सगळी माती दरीच्या बाजूला लोटतो, डोंगराकडचं गटार तसंच बुजलेलं राहतं. मग पाणी मोरीत न जाता रस्त्यावरून धावतं, दरीकडच्या कडेला डांबराखाली शिरतं, आणि जिथे नवीन मुरूम टाकलाय तिथूनच रस्ता खचतो. गटार साफ करायला अर्धा दिवस लागतो हो फक्त, पण बिलात त्याचं काही वजन नसतं.

सावित्रीकाठ: मनात आणलं तर सगळं होतं. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, नवा पूल १६५ दिवसांत उभा. तिथे कुठे आडवे आले निकष?

पोलादपूरकर: तो मुंबई-गोवा हायवे होता साहेब, आणि दोन एसट्या वाहून गेल्या होत्या, देशभरचे कॅमेरे पुलावर. आमच्या वाडीच्या मोरीसाठी कोण येणार कॅमेरा घेऊन?

घाटमाथा: ओके, सहा महिने थांबा हे मी मागे घेतो, सिलेंडरचं वाचून बरं नाही वाटलं. पण तात्पुरतं काम मंजूर करतानाच त्याच फाईलमध्ये कायमच्या कामाची तारीख हवी, यावर अडून आहे मी.

पोलादपूरकर: तारीख घाला की. गेल्या पावसात मोरी परत बसवली तर पाइप होता तेवढाच टाकला, विचारलं तर म्हणे पूर्ववत करायची मंजुरी आहे, मोठा पाइप बसत नाही त्यात. यंदा जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीला ओंडका येऊन अडकला त्याच्या तोंडाशी, आम्ही सहा जण दोर लावून ओढत होतो.

साईटवरचा: पूर्ववत, हाच तो शब्द. सगळं त्यातच अडकतं.