मदत हवी आहे: चिपी ते पुणे विमानात नेमकं किती वेळ बसावं लागतं?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळ राहतो. आईच्या मणक्याचं दुखणं वाढलंय आणि तिला तपासणीसाठी पुण्याला न्यायचं आहे. गाडीने गगनबावड्यातून गेलं काय किंवा फोंडा घाटातून, अख्खा दिवस मोडतो. मागच्या वेळच्या धक्क्यांनंतर ती सरळ म्हणाली, "माका त्या घाटातून परत व्हरू नको." म्हणून चिपीच्या (सिंधुदुर्ग विमानतळाच्या) विमानाचा विचार करतेय.

नकाशावर दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर मोजलं तर २९० किलोमीटरच्या आसपास येतं. या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान असतं आणि ते ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास जातं. म्हणजे ३५ मिनिटं. मग तिकिटावर तासाहून जास्त वेळ का दाखवतात? डॉक्टर म्हणतात, सलग तासभर बसली तर चालेल, त्यापुढे त्रास होईल. त्यामुळे मला खरा आकडा हवा आहे. शिवाय तिला जिना चढवत नाही. कृपया माहितगारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त पूर्ण वेगात असतानाचा. तिकिटावरचा वेळ चिपीला विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पुण्याला जागेवर थांबलं की संपतो. सुरुवातीला वर चढताना आणि शेवटी उतरताना वेग बराच कमी असतो. त्यात तुमचं विमान जाणार दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि धावपट्ट्या दोन्हीकडच्या पूर्व-पश्चिम. म्हणजे दोन्ही टोकांना वळसा आलाच. पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ आहे, तिथे लढाऊ विमानांचाही राबता असतो, त्यामुळे कधी आकाशात घिरट्या घालत थांबावं लागतं. आईंसाठी तिकिटावरचाच वेळ धरा, शिवाय प्रवाशांच्या विमानात चढण्या-उतरण्याची वीसेक मिनिटं. पट्टा सोडायची सूचना झाली की मधे दोन पावलं उभं राहता येतं. डॉक्टरांना हे सगळं सांगून मगच तिकीट काढा.

जिन्याचं म्हणाल तर एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दारातून चढतात. दारातच पायऱ्या असतात, थोड्याच, पण उंच आणि अरुंद. व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावं लागतं. ते करताना "पायऱ्या अजिबात चढता येत नाहीत" असं स्पष्ट सांगा आणि उचलून चढवायची सोय आहे का ते विचारा. नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर खुर्ची पायऱ्यांपाशीच थांबते.

पावसाळ्यात जात असाल तर पुढच्या दिवसाची वेळ घ्या डॉक्टरांची. चिपीच्या सड्यावर (पठारावर) ढग खाली आले की विमान उतरत नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाहूनही पुण्याला विमानं आहेत, तो पर्याय हाताशी ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार दादा, पायऱ्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पुण्याची वेळ बदलून घेते. चालता न येणाऱ्या माणसाला चिपीहून कुणी नेलं आहे का? तिथे वर कसं चढवलं, तेवढं कळलं तर तिकीट काढीन.